एकशे बारावी चिठ्ठी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मार्शलबाईंचा फोन वाजला, तेव्हा त्या डबा उघडून बसल्या होत्या आणि मनातल्या मनात जावेवर चरफडत होत्या.

जाऊ त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका झाली होती. घरात दुसरा विषय नव्हता. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून सांगत होत्या, "आमची धाकटी." मार्शलबाईंनी बावीस वर्षं देशाच्या संसदेत सुव्यवस्था राखली होती, भल्याभल्या सभासदांना बखोटीला धरून बाहेर काढलं होतं; पण "आमची थोरली" हे दोन शब्द त्यांनी सासूबाईंच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"मोजणीच्या खोलीत या," फोनवर सचिव म्हणाले. "मतदानाची एक चिठ्ठी गायब आहे."

"गायब म्हणजे?"

"म्हणजे होती आणि आता नाही. लगेच या."

मार्शलबाईंनी डबा झाकला, पट्टा आवळला आणि निघाल्या.

मोजणीची खोली सभागृहाच्या मागेच होती. एक लांब टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. आत चार माणसं होती. टेबलाशी चाळिशीच्या आतली एक बाई रंगीत चिठ्ठ्या मोजत होती. तिचे ओठ हलत होते आणि चेहरा पांढरा पडला होता. ही मोजणी अधिकारी. सारं सचिवालय तिला आकडेताई म्हणे, कारण तिचा आकडा कधी चुकलेला कुणी पाहिला नव्हता. तिच्याशेजारी साक्षीदार म्हणून गुरुजी उभे होते. ते सचिवालयातले सगळ्यात जुने नियमतज्ज्ञ. अर्ध्या कचेरीला नियम त्यांनीच शिकवले होते, म्हणून गुरुजी. खिडकीपाशी सत्ताधारी पक्षाचे प्रतोद येरझाऱ्या घालत होते. पक्षाची माणसं वेळेवर गोळा करून मतदानाला बसवणं हे त्यांचं काम. आणि दाराशी सचिव, सभागृहाच्या कारभाराचे प्रमुख. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते.

"मोजून झाल्याशिवाय मला बोलता येणार नाही," आकडेताई मान वर न करता म्हणाली.

मार्शलबाई थांबल्या. आकडेताईने दुसरी मोजणी संपवली, वेळ लिहिली, सही केली आणि तिसरी सुरू केली. अडीचला तीही संपली.

"एकशे अकरा," ती म्हणाली. "पुन्हा एकशे अकराच."

मार्शलबाईंनी दार लावून घेतलं. "आता कुणी बाहेर जायचं नाही. मला पहिल्यापासून सांगा. आणि लहान मुलाला सांगतात तसं सांगा, मला या बहुमतांतलं काही कळत नाही."

"सभागृहाची मुदत एक वर्षाने कमी करायची घटनादुरुस्ती आहे," आकडेताई म्हणाली. "स्वतःची खुर्ची एक वर्ष आधी सोडायला तयार आहे की नाही, हे सभासद चारचौघांत खरं सांगणार नाहीत. म्हणून गुप्त मतदान. हिरवी चिठ्ठी म्हणजे बाजूने, लाल म्हणजे विरोधात, पिवळी म्हणजे तटस्थ. नाव, नंबर काही नाही. पेटी इथे आली. आधी सगळ्या चिठ्ठ्या रंग न पाहता मोजायच्या. एकशे बारा भरल्या. दारावरच्या हजेरीतही एकशे बाराच सभासद. सचिवसरांनी सही केली."

"मग?"

"मग मी शेजारच्या खोलीतून अध्यक्षांना फोन केला. त्यांच्या परवानगीशिवाय रंग वेगळे करता येत नाहीत. परत आले, रंग लावले. हिरव्या चौऱ्याहत्तर, लाल सदतीस. एकशे अकरा. एक कमी."

"एका चिठ्ठीने एवढं काय बिघडतं?"

प्रतोद खिडकीपासून वळले. "बाई, एका चिठ्ठीवर सगळं आहे."

"साध्या विधेयकाला साधं बहुमत लागतं," आकडेताईने समजावलं. "मत देणाऱ्यांत निम्म्याहून एक जास्त, की झालं. घटनादुरुस्तीला दोन चाळण्या आहेत. पहिली, एकूण सभासदांच्या निम्म्याहून जास्त. आपले सभासद एकशे वीस, म्हणजे एकसष्ट हवेत. ते आहेत. दुसरी, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी कमीत कमी दोन तृतीयांश. एकशे अकरांचे दोन तृतीयांश बरोबर चौऱ्याहत्तर."

"म्हणजे पास."

"हरवलेली चिठ्ठी लाल नसेल तर. ती लाल असेल, तर मत देणारे एकशे बारा होतात आणि पंचाहत्तर लागतात. विधेयक पडतं."

मार्शलबाईंनी प्रतोदांकडे पाहिलं. प्रतोदांनी छताकडे पाहिलं.

"चार वाजता निकाल सांगायचा आहे," सचिव खालच्या आवाजात म्हणाले. "आणि मोजणीची जबाबदारी, दुर्दैवाने, हिच्या एकटीची आहे. चिठ्ठी हरवली तर निलंबन. माझ्या जागेसाठी हिचंच नाव जायचं होतं. शिफारस मीच लिहिली आहे. टेबलावर आहे, आज पाठवणार होतो."

आकडेताई खाली मान घालून चिठ्ठ्यांचे गठ्ठे सरळ करत राहिली.

मार्शलबाईंनी एकेकाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं.

पहिले प्रतोद.

"ती फोन करायला गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. खिडकीशी. पाणी प्यायलो."

"टेबलाजवळ?"

"दोन हातांवर. पण मी हात लावला नाही. बाई, सरळ सांगतो. मी दिवसभर बोटं मोडत बसलोय. हे विधेयक पास झालं तर मला मंत्रिपद देतो म्हणालेत. माझ्यामागून आलेला पोरगेला सभासद गाडीतून फिरतो आणि मी त्याच्या मतांची मोट बांधतो. जळतं हो आतून. पण चोर असतो तर एक सांगा, चिठ्ठी घालवून निकालावर संशय कशाला आणला असता?"

"पिवळीबद्दल काय म्हणणं आहे?"

"पिवळी म्हणजे घरी झोपल्यासारखं. धरत नाहीत."

गुरुजी खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागले.

"पिवळी होती! पहिल्या मोजणीत मी या डोळ्यांनी पाहिली. एकच होती. आता एकही नाही. मी ओरडून सांगतोय, पण माझं ऐकतो कोण?"

"का ऐकत नाहीत?"

"कारण आठवडाभर मी पिवळीच्याच नावाने बोंब मारतोय, म्हणून. मी लेखी दिलंय. या दुरुस्तीला दोन तृतीयांश काढायचे ते हजर असलेल्या सगळ्यांचे, नुसत्या मत देणाऱ्यांचे नव्हेत. तटस्थ माणूस हजर असतो की नाही? खुर्चीत बसलेला दिसतो की नाही? मग तो मोजायचा. पण माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरीने उलट टिपण दिलं आणि अध्यक्षांनी तिचं उचललं."

"राग आला असेल."

"राग? मत्सर म्हणा, लाजायचं काय त्यात. सचिवपदाला तीनदा मला डावललं. आता चौथ्यांदा तिच्यासाठी. रात्री झोप येत नाही मला. पण माझा मुद्दा बरोबर आहे, आणि मी मरेपर्यंत तो सोडणार नाही."

"ती फोनवर होती तेव्हा तुम्ही?"

"हजेरीची वही दारावर परत द्यायला गेलो. दोन मिनिटं. आल्यावर सरांच्या शेजारी बसलो."

मार्शलबाई आकडेताईकडे वळल्या. "रंग लावून पहिल्यांदा एक कमी भरली, ती किती वाजता?"

"दोन वाजून पाच. सगळं नोंदवहीत आहे. दुसरी मोजणी दोन वीसला संपली, तिसरी अडीचला. तीन मोजण्या झाल्याशिवाय चिठ्ठी हरवली असं म्हणायचंच नाही, असा नियम आहे. मोजणाऱ्याची चूक असू शकते ना."

"आज सकाळी सभागृहात काय झालं? मी मागच्या दाराला होते, नुसता गोंगाट ऐकला."

आकडेताई ओशाळली. "अध्यक्षांनी माझ्या टिपणाचं कौतुक केलं. इतका स्वच्छ विचार या टेबलावरून तीस वर्षांत आला नव्हता, असं म्हणाले. सगळ्यांनी बाकं वाजवली. मला कुठे तोंड लपवू असं झालं."

शेवटी सचिव. ते खुर्चीत ताठ बसले.

"तुम्ही किती वर्षं आहात या टेबलावर, सर?"

"तीस."

"नियम कधी मोडलात?"

"एकदाही नाही. कुणालाही विचारा."

"तुमचा संशय कुणावर?"

"मी संशय घेणारा माणूस नाही. पण झडती घ्यावी लागेल, आणि सुरुवात आपल्या घरापासून करावी. माझ्यापासून करा, मग गुरुजी, मग ही. फाइली, पिशव्या, सगळं."

मार्शलबाईंनी झडती घेतली. सचिवांच्या खिशात रुमाल आणि चष्म्याचं घर. गुरुजींच्या खिशात गोळ्यांची पट्टी आणि त्यांनीच लिहिलेल्या टिपणाच्या चार प्रती. टेबलाच्या कडेला आकडेताईची निळी फाईल होती, नाडीने बांधलेली, वर दुहेरी गाठ. मार्शलबाईंनी गाठ सोडली. आत तिचं टिपण होतं. टिपणाच्या पानांमध्ये एक पिवळी चिठ्ठी होती.

मग प्रतोदांनी मोठा श्वास सोडला.

"पिवळी. म्हणजे विधेयक पास."

"मी म्हणत होतो की नाही," गुरुजी पुटपुटले.

"मी नाही ठेवली," आकडेताई म्हणाली. "ही फाईल मी सकाळपासून उघडलेलीच नाही. आईशपथ."

"चुकून सरकली असेल," प्रतोद उदार झाले होते.

"नाडी सोडून, आत शिरून, परत दुहेरी गाठ मारून?" मार्शलबाई म्हणाल्या.

सचिवांनी कपाळावरून हात फिरवला. "फार वाईट वाटतं. पण मतपत्रिका अधिकाऱ्याच्या खाजगी फायलीत सापडली, हे मला लिहावंच लागेल. निकालाला धक्का नाही, एवढंच समाधान. अध्यक्षांना मी बोलावतो."

मार्शलबाई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. खाली आवारात माळी रोपांना पाणी घालत होता. सचिवांचं ते एक वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना. निकालाला धक्का नाही.

मागे एकदा जावेचा शाळेत सत्कार होता, त्या दिवशी तिच्या स्कूटरची किल्ली सापडली नव्हती. घरभर शोधाशोध, रडारड. जाऊ तासभर उशिरा पोहोचली. ती किल्ली पिठाच्या डब्यामागे मार्शलबाईंनीच सारली होती. हे आजवर त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. पण किल्ली लपवायच्या आधी त्यांनी एक गोष्ट पाहून घेतली होती. सासऱ्यांचं औषध घरात आहे ना, त्यासाठी कुणाला स्कूटर लागणार नाही ना. जावेची फजिती व्हावी, पण घराचं काही बिघडू नये. तेव्हा त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आता आठवलं आणि कानशिलं तापली.

साडेतीनला अध्यक्ष आले. मार्शलबाईंनी सगळ्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"चोराने पिवळी का उचलली, एवढं कळलं की बाकीचं आपोआप कळतं," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी गेली तेव्हा रंग मोजलेले नव्हते. कुणाच्या किती, हे खोलीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी हिरवी काढली तर विधेयक पडू शकतं. लाल काढली तर पास होऊ शकतं. पिवळी काढली तर काहीच होत नाही. एकसष्टच्या चाळणीत ती नाही, दोन तृतीयांशच्या चाळणीतही नाही. आकडा काहीही असो, निकाल आहे तसाच राहतो."

"मग चोरायची कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"निकाल बदलायचाच नव्हता म्हणून. बेरीज तेवढी चुकवायची होती. चोराला विधेयकाशी देणंघेणं नव्हतं. उलट त्याने जिवापाड काळजी घेतली, की सभागृहाला ओरखडा उठू नये. बोलणी बसावीत ती फक्त या बाईला."

प्रतोद पुढे सरकले. "म्हणजे मी सुटलो."

"तुम्ही चोर असतात तर लाल उचलली असतीत. आणि तिच्या फायलीत कशाला ठेवाल, गिळून टाकली असतीत." प्रतोदांना हे मान्य असावं, कारण ते पुन्हा मागे टेकून बसले. "बाई स्वतः? आज तिला सचिवपद मिळणार होतं. ती स्वतःचीच बेरीज कशाला चुकवेल?"

सगळ्यांची नजर गुरुजींकडे गेली.

"हो, कारण यांच्याकडे आहे," मार्शलबाई म्हणाल्या. "स्वतःच सांगितलं त्यांनी. पण गुरुजी, तुमच्या हिशोबाने आज काय झालं?"

"विधेयक पडलं!" गुरुजी ताडकन उठले. "हजर एकशे बारा. दोन तृतीयांश काढा, पंचाहत्तर लागतात. मिळाली चौऱ्याहत्तर. या एका पिवळीने पडलं."

"आणि ही पिवळी नसती तर?"

"तर हजर एकशे अकरा, आणि..." गुरुजी थांबले. "तर माझ्याही हिशोबाने पास झालं असतं."

"म्हणजे तुमचा मुद्दा खरा ठरवणारी एकच गोष्ट आज या इमारतीत होती, ती ही चिठ्ठी. तुम्ही ती छातीशी धरून बसला असतात. लपवली नसतीत. सगळ्या खोलीत तुम्ही एकटेच ओरडत होतात, की पिवळी होती. जो पिवळी मोजायची म्हणतो, त्याला ती निरुपद्रवी वाटूच शकत नाही. ती निरुपद्रवी वाटणारा आणि या बाईचं वाईट चिंतणारा माणूस दुसरा आहे."

सचिव टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"सर, दोन मिनिटं चिठ्ठ्यांपाशी तुम्ही एकटेच होतात. ती फोनवर, गुरुजी दारावर, प्रतोदांची पाठ, ते पाणी पीत होते. पण तेवढ्यावर मी तुमच्याकडे बोट दाखवलं नसतं. तुम्ही मला फोन केलात तो दोन दहाला. तेव्हा फक्त एक मोजणी झाली होती. तीन मोजण्यांचा नियम तुमच्याच टेबलाचा. तीस वर्षांत एकदाही नियम न मोडलेला माणूस आजच घाई का करेल? कारण पुन्हा मोजून काही उपयोग नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. चिठ्ठी कुठे आहे, हे तुम्हालाच ठाऊक होतं."

अध्यक्षांनी "सर?" असं एकदाच म्हटलं.

"तीस वर्षं," सचिव म्हणाले. "माझा आकडा कधी चुकला नाही. माझं टिपण कधी परत आलं नाही. एकदाही कुणी बाक वाजवलं नाही. मी म्हणत आलो, आपलं काम पडद्यामागचं, आपल्याला कोण वाजवणार. आणि आज सकाळी हिच्यासाठी वाजवली. तीस वर्षांत असं आलं नव्हतं म्हणे. ती तीस वर्षं माझी होती." त्यांनी पहिल्यांदाच आकडेताईकडे पाहिलं. "शिफारस मीच लिहिली तुझी, आणि मनापासून लिहिली. मला फक्त एवढंच हवं होतं, की तुझा आकडा एकदा तरी चुकावा."

"माझी नोकरी गेली असती, सर," आकडेताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "घरी मी एकटी कमावणारी आहे. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. तेवढं मी पाहिलं नाही." त्यांनी खिशातलं चष्म्याचं घर काढून टेबलावर ठेवलं. "सभागृहाचं पाहिलं. तुझं नाही पाहिलं."

मार्शलबाईंना वाटलं, हे आपल्याला उद्देशून कुणी बोललं असतं तर आपण काय उत्तर दिलं असतं.

आकडेताईने निळी फाईल पुढे ओढली. "तुम्ही माझं टिपण वाचलंत का, सर?"

"पहिलं पान वाचलं."

"पुढचं?"

"पुढे वाचवेना. फार चांगलं होतं."

तिने पानं उलटली आणि शेवटचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. खाली चार ओळी होत्या. हा सगळा युक्तिवाद सचिवसाहेबांनी अठरा वर्षांपूर्वी, उपसचिव असताना लिहिलेल्या टिपणातून घेतला आहे. ते टिपण तेव्हा कुणी मागवलं नाही म्हणून कपाटात राहिलं. मी फक्त भाषा सोपी केली आहे. खाली तिची सही.

"जुनी कपाटं लावताना सापडलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही वाचाल आणि तुम्हाला बरं वाटेल."

अध्यक्ष दुसरीकडे पाहू लागले. शेवटचं पान त्यांनीही वाचलेलं नव्हतं.

चार वाजायला पाच मिनिटं होती. सभासदांना बोलावणारी घंटा वाजू लागली. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि आकडेताईला म्हणाले, "सचिवांच्या खुर्चीत आज तुम्ही बसा. निकाल तुम्हीच वाचा." तिने गठ्ठे उचलले. चौऱ्याहत्तर, सदतीस, एक. जाताना तिने सचिवांकडे पाहिलं नाही. गुरुजी पिवळीचा मुद्दा अध्यक्षांच्या कानात घालत तिच्यामागून गेले, त्यांच्यामागे प्रतोद.

खोलीत दोघंच राहिली. नियमाप्रमाणे मार्शलबाईंनी सचिवांना सुरक्षा कार्यालयात न्यायचं होतं. पण सचिव चष्मा लावून पहिल्या पानापासून टिपण वाचू लागले होते. काही ओळींवर ते थांबत, ओठ हलवत, जुनं काही ओळखीचं भेटल्यासारखे. मार्शलबाईंनी त्यांना ते शेवटपर्यंत वाचू दिलं आणि मग दार उघडलं.